मीटिंगमध्ये तिसरं कोण

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. आमच्या घरात म्हणायचे, हिची उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. अशा बाईला नोकरी कुठली मिळावी? लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत, गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं देण्याची. तुमचा माणूस आलाच नाही, लिफ्ट चौथ्या मजल्यावर हिसके देते, सासूबाई अर्धा तास आत अडकल्या होत्या. बसवनगुडीतल्या आमच्या घरी, बाहेरच्या खोलीत टेबल टाकून मी दिवसभर हे वाचते आणि उत्तरं देते.

गेल्या वर्षी कंपनीनं आम्हाला एआयचं एक साधन दिलं. त्यात आपल्या मनातलं लिहायचं आणि ते सभ्य भाषेत करून देतं. मी लिहायचे, "अहो, लिफ्टमध्ये वाळूची पोती भरून वर पाठवलीत, मग ती बंद पडेल नाही तर काय आरती करेल?" आणि ते मेलं दोन सेकंदांत लिहून द्यायचं, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." माझ्या रागाला न्हाऊमाखू घालून, पावडर लावून बाहेर पाठवायचं. साहेब म्हणाले, तुमच्याबद्दलच्या तक्रारी बंद झाल्या हो. मी खूश झाले. चांगली वस्तू ती चांगलीच, उगाच नावं का ठेवा? पण ती लॅपटॉपात होती. घरात बोलताना माझं तोंड माझंच होतं.

घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. आईला आम्ही अक्का म्हणतो, कारण सगळी गल्लीच तिला अक्का म्हणते. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच गावात. आमच्या मराठीत इतकं कन्नड मुरलंय की पुण्याची माणसं ऐकून हसतात. हसू देत. मी लग्न केलं नाही, थोरला भाऊ, अण्णा, इंदिरानगरला बायकोमुलांत. मी पन्नाशीला आले तरी अक्का मला पुट्टी म्हणते, म्हणजे छोटी पोर. म्हणजे, म्हणायची. मी सांगते आहे त्या दिवसांत तिचं बोलणं बंद झालं होतं.

त्याची सुरुवात अशी. संक्रांत होऊन गेली होती. एका मोठ्या सोसायटीची माणसं आणि आमचे साहेब यांच्याबरोबर मीटिंग चालली होती, माझा कॅमेरा चालू. आणि अक्का आली. "पुट्टी, अगं स्वल्प इकडे बघ ना." मी हातानं जा म्हटलं. ती गेली, परत आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुट्टी, ऐक तरी." सोसायटीतले कुणी तरी हसले. साहेबांनी तोंड वाकडं केलं ते मला दिसलं. मीटिंग संपल्यावर मी अक्कावर जी तुटून पडले, ती विचारू नका. तोंडाला येईल ते बोलले. काय काय बोलले ते चार दिवसांनी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माझा राग दुधासारखा उतू जातो, आणि शेगडी पुसून झाली की मी विसरते.

अक्का गप्प झाली. मला वाटलं, रुसली. तिसऱ्या दिवशी तिला सणकून ताप भरला, पाच दिवस दवाखान्यात काढले. ताप उतरला, घरी आलो, पण बोलणं काही परत आलं नाही. एक अक्षर नाही. माझ्याशी नाही, अण्णाशी फोनवर नाही, दारात येणाऱ्या पालेभाजीवालीशी नाही, जिच्याशी ती वीस वर्षं मेथीच्या एकेका काडीवरून भांडत आली होती.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत एखादा बारीकसा झटका येऊन गेला असेल, कधी कधी तपासणीत दिसत नाही. अक्का सारखी गळ्याची कातडी चिमटीत धरायची आणि माझ्याकडे बघायची. डॉक्टरांसमोरही धरली. म्हणून घशात कॅमेरा घालून पाहिलं. काही सापडलं नाही. गिळायला त्रास होत असेल, मऊ खायला द्या म्हणाले. मी सात महिने तिला गुरगुट्या भात भरवला. पाटी-पेन्सिल दिली, तर तिनं भाजल्यासारखा हात मागे घेतला.

हळूहळू बाकीचंही सुरू झालं. चहा कपात ओतायला जायची आणि कपाच्या शेजारी ओतायची. दाराच्या चौकटीवर आपटायची. मान एका बाजूला कलती करून माझ्याकडे टक लावून बघत बसायची, चिमणी बघते तशी. सारखा डोळा चोळायची, मी चष्मा पुसून द्यायचे. आणि मी बाहेर गेले की खिडकीत जी उभी राहायची, ती मी गल्लीच्या टोकाला दिसेपर्यंत तिथेच. एकदा मला बसमुळे दोन तास उशीर झाला. शेजारीण म्हणाली, अक्का दोन तास हलली नाही, हाक मारली तर वळली पण नाही. आपली आई घरात आहे, पण तिच्या आत कोण बसलंय कुणास ठाऊक, असं काही तरी मनात आलं. आईबद्दल असं मनात येतं याची लाज वाटली, आणि तरी यायचं ते यायचंच.

श्रावणात अण्णा आला. अक्काच्या पलंगावर, तिच्या उजव्या हाताला बसला. अर्धा तास बोलत होता. तिची नजर दारात उभ्या असलेल्या माझ्यावरच, त्याच्याकडे पाहिलं देखील नाही. शेवटी त्यानं तिच्या हाताला हात लावला तर ती दचकून ओरडायच्या बेतात आली आणि तिनं स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं.

अण्णा स्वयंपाकघरात येऊन रडला. "ती मला ओळखत नाही, पुट्टी."

"मलाही ओळखते की नाही, देव जाणे," मी म्हणाले.

"शहराबाहेर एक जागा आहे, म्हाताऱ्या माणसांची. चोवीस तास नर्स असतात. तू तरी किती करशील? कामही करायचं, हेही बघायचं. तूही माणूसच आहेस."

मी भांडले नाही. मी, आणि भांडले नाही! सरी, म्हणजे बरं, म्हणाले. गौरीचा सण घरात होऊ दे, गौरी बोळवल्यानंतरच्या रविवारी तिला तिकडे न्यायचं, असं ठरलं. अक्का पलीकडच्या खोलीत होती. तिला ऐकू व्यवस्थित येत होतं, हे आम्ही दोघंही सोयीस्कर विसरलो.

त्याच सुमारास ते दुसरं साधन आलं. मीटिंगची टिपणं काढणारं. आपण बोलत राहायचं, ते ऐकतं, आणि मीटिंग संपली की कोण काय म्हणालं, काय ठरलं, कुठलं काम कुणाकडे, असा कागद तयार. माझ्यासारखीला वरदानच. नाही तर एका हातानं लिहा, दुसऱ्यानं डोकं धरा. रोज अडीच वाजता पुण्याच्या ऑफिसातल्या एका मुलाशी माझी मीटिंग असायची, दिवसभराच्या तक्रारी वाटून घ्यायला. कानांवर मोठे हेडफोन, बाहेरचा आवाज अजिबात येऊ न देणारे, कारण दुपारी गल्लीत कोण ना कोण ड्रिल मशीन घेऊन बसलेलं असतं. पाठ खोलीकडे, तोंड भिंतीकडे. माझ्या पाठीमागे तीन पावलांवर देवघराचा कोनाडा आहे. घरात दुसरीकडे टेबलाला जागा नाही आणि प्लगही तिथेच.

पहिल्या दिवशीचा कागद उघडला. दोराची तपासणी, दरवाजाचा सेन्सर, सगळं बरोबर. वर लिहिलं होतं, सहभागी व्यक्ती: तीन.

मी त्या मुलाला विचारलं, "तुझ्याकडे कोणी होतं का रे?"

"नाही मॅम, मी मीटिंग रूममध्ये एकटाच. ग्लिच असेल, इग्नोर करा."

दुसऱ्या दिवशीही तीन. तिसऱ्या दिवशी खाली एक ओळ आली. इंग्रजीत होती, मी मराठीत सांगते: "तिसरी व्यक्ती हळू आवाजात बराच वेळ बोलली. भाषा ओळखता आली नाही."

मी उठून दारं-खिडक्या पाहिल्या. शेजाऱ्यांचा टीव्ही बंद होता. अक्का पलीकडच्या खोलीत पलंगावर बसलेली, मान कलती, भिंतीकडे बघत. दुपारचे तीन वाजले होते, लख्ख ऊन होतं, आणि माझ्या हातांवर काटा आला होता.

त्यात आणखी एक गोष्ट. गेले काही महिने दुपारी माझ्या केसांत, गाऊनच्या मानेवर करडी पूड पडलेली असायची. छताचे पोपडे निघताहेत, असं मी धरून चालले होते, घरमालकाला दोनदा बोललेही होते. आता मी खुर्ची सरकवून वर बघितलं. छत गुळगुळीत. पूड बोटावर घेऊन पाहिली. अंगारा. आमच्या देवघरातल्या डबीतला, उदबत्तीचा. मी त्या डबीला हातसुद्धा लावत नाही, पूजा सकाळी घाईत उरकते.

पाचावर धारण बसली म्हणतात, ती तेव्हा कळली. आपला भुताखेतांवर विश्वास नाही, असं मी चारचौघांत ठणकावून सांगते. पण भरदुपारी आपल्या पाठीमागे कोणी तरी येतं, आपल्या डोक्यावर राख टाकतं आणि बोलतं, हे यंत्राला कळतं आणि आपल्याला नाही, तेव्हा विश्वासाबिश्वासाचं काही चालत नाही. मी वळून बघायचं ठरवायचे आणि मीटिंग सुरू झाली की मान वळायचीच नाही. खरं सांगते, मी घाबरले होते.

मग मी परीक्षा घेतली. मीटिंग नसताना साधन चालू करून ठेवलं आणि चामराजपेटला काकूकडे गौरीच्या ओटीचं सामान आणायला गेले. दोन तासांनी परतले, अक्का खिडकीत उभी. कागदावर लिहिलं होतं, "कोणी बोललं नाही." म्हणजे मी घरात नसले की ते बोलत नाही. मी असले, पाठ वळलेली असली आणि कान बंद असले, तरच बोलतं. हे कळल्यावर माझं उरलंसुरलं अवसान गेलं. ते जे काही होतं, त्याला मीच हवी होते.

पुण्याच्या मुलाला म्हटलं, "मीटिंगमध्ये मी माझा आवाज बंद ठेवते तेव्हा तुला इकडचं काही ऐकू येतं का?"

"नाही ना मॅम. पण तो नोट्सवाला टूल तुमच्या लॅपटॉपचा माइक डायरेक्ट ऐकतो. तुम्ही म्यूट असलात तरी. तुम्ही लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही ऑन करून बघा ना. आणि मॅम, ऑडिओ पण सेव्ह होतो, आठवडाभर. प्ले करून ऐका, कळेल कोण आहे ते." आणि हसला. त्याला काय जातं हसायला!

मी भाषा बदलली. ऐकायचं धाडस मात्र झालं नाही. गौरी यायला चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशीचा कागद मी अजून जपून ठेवला आहे. लिफ्टचं तेल, गेटचा बिघाड, आणि त्याखाली:

"तिसरी व्यक्ती म्हणते की ती कोणाशीही बोललेली नाही.

तिसरी व्यक्ती विचारते, पोरीच्या जिवाला काही होणार नाही ना.

तिसरी व्यक्ती म्हणते की आता तिला लांब नेणार आहेत, मग पोर डोळ्यांपुढे राहणार नाही.

करायची कामं: एक, मोटरची तपासणी, सोमवारपर्यंत. दोन, पोरीला आठवण करून देणे. जबाबदार: ठरलेलं नाही."

मी ते तीन वेळा वाचलं. मग हेडफोन घातले आणि आवाज लावला. बटण दोनदा चुकलं.

आधी माझाच आवाज. "दोर बदलायला हवा, त्यांना म्हणावं..." कर्कश्श, घाईचा. मी अशी बोलते? मग मुलाचं बोलणं सुरू झालं, आणि मी गप्प. आणि त्या गप्प जागेत, अगदी जवळून, माझ्या मानेपाशीच म्हणा ना, कापडाची सळसळ. डबीचं झाकण. मग तो आवाज. घोगरा, वापरात नसलेल्या बिजागरीसारखा.

"आई भवानी, तुझ्याशी बोलते ते धरू नको. देवाशी बोलणं हे बोलणं नव्हे. तिनं रागात घातली गं. तिच्या मनात नव्हतं. आता तर तिच्या ध्यानात पण नाही. मी पाळलीय बघ, पोराशी पण बोलले नाही. तिच्या गळ्याला काही होऊ देऊ नको. तिला एकदा आठवू दे. सुटली म्हणू दे."

सात महिन्यांनी मी माझ्या आईचा आवाज ऐकत होते. आणि तो माझ्या खुर्चीमागून, मी तिथे बसलेली असताना, रोज येत होता.

तेव्हा मला आठवलं. आठवलं कसलं, तोंडात मारल्यासारखं समोर आलं. त्या दिवशी मीटिंग संपल्यावर मी खुर्ची ढकलून उठले होते. ती परत "पुट्टी" म्हणाली होती. आणि मी माझ्या गळ्याची कातडी चिमटीत धरून ओरडले होते, "बास! आता एक अक्षर तोंडातून काढलंस, कोणाशी पण, तर माझं मेलेलं तोंड बघशील! माझ्या गळ्याची शपथ आहे तुला!"

गळ्याची शपथ. लहानपणी आम्ही भावंडं दिवसातून दहादा घालायचो आणि दहादा सोडवून घ्यायचो. ज्यानं घातली त्यानंच गळा धरून सुटली म्हणायचं, दुसऱ्या कोणाला ती सोडवता येत नाही. आमच्यासाठी तो खेळ होता. अक्कासाठी तो कधीच खेळ नव्हता. अण्णानं एकदा खोटी शपथ घेतली आणि त्याला गोवर आला, तर तिनं दोन्हींची गाठ घातली होती आणि जन्मभर सोडली नव्हती. हे मला माहीत होतं. माहीत असून मी तिच्या गळ्यात माझं मरण बांधलं आणि दुसऱ्या मिनिटाला साहेबांना "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल" असा मेल लिहायला बसले. गिऱ्हाइकांसाठी माझं तोंड धुऊन द्यायला यंत्र होतं. तिच्यासाठी काही नव्हतं.

आणि ती रोज माझ्यासमोर गळा धरून उभी राहात होती. मी तिच्या घशात कॅमेरा घातला.

मी उठून आतल्या खोलीत गेले. अक्का पलंगावर बसली होती. माझ्या पावलांनी तिनं मान कलती केली. मी तिच्या पायाशी खाली बसले. रडत होते, त्याचं काही नाही, रडू मला लवकर येतं. मी माझ्या गळ्याची कातडी चिमटीत धरली.

"सुटली, अक्का. शपथ सुटली."

ती हलली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं हळूच तीन बोटं वर केली.

"सुटली. सुटली. सुटली."

तिनं हात पुढे केला आणि माझा गळा चाचपला. इकडून, तिकडून, हनुवटीखाली. मी धड आहे ना, याची खात्री करून घेत होती. मग एक लांब श्वास सोडला, खोकली, आणि म्हणाली, "स्वल्प पाणी दे."

मी धावत पाणी आणलं. पेला तिच्यापुढे धरला, तर तिचा हात पेल्याच्या बाजूनं हवेत गेला. मी पेला तिच्या हातात दिला. ती सावकाश प्यायली, आणि मी वेड्यासारखी विचारत सुटले, अगं लिहून तरी द्यायचं, खुणेनं सांगायचं, अण्णाला तरी...

"लिहिलं म्हणजे बोललंच की," ती म्हणाली. "आणि खुणा काय कमी केल्या? तुला तुझ्या कामापुढे दिसेल तेव्हा ना."

"मग मी बाहेर गेले की का नाही देवापुढे बोलायचीस? माझ्या पाठीमागेच का?"

"तू बाहेर गेलीस की माझ्यानं खिडकी सोडवत नाही. परत येतेस की नाही, ते बघायला नको? आणि तुझ्या डोक्यावर अंगारा कोण लावणार?" ती म्हणाली. असं म्हणाली, की यात विचारण्यासारखं काय आहे.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. फार दिवसांनी तिनं माझ्या केसांतून बोटं फिरवली. मला वाटलं, संपलं. आता अण्णाला फोन करायचा, ते शहराबाहेरचं रद्द करायचं, रात्री तिला भाकरी आणि झणझणीत ठेचा घालायचा. आणि मग मला सुचलं ते विचारलं, उगाच, बोलायला काही तरी म्हणून.

"त्या दिवशी मीटिंगमध्ये काय सांगायला आली होतीस गं एवढं?"

तिची बोटं थांबली.

"उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा आला होता बघ. एका बाजूनं सरकत सरकत. म्हटलं पुट्टीला दाखवावं." तिची बोटं परत फिरायला लागली. "आता त्या डोळ्यानं काही दिसत नाही. डाव्यानं दिसतं पण. तू दिसतेस."

कपाशेजारी सांडलेला चहा. दाराची चौकट. उजव्या हाताला बसलेला अण्णा. कलती मान म्हणजे काय, तर चांगल्या डोळ्यानं मला बघायची धडपड. आम्ही तिला भ्रम झाला म्हणालो, आणि रविवारी तिला ठेवून यायला निघालो होतो.

मी अण्णाला फोन लावून तिच्या कानाशी धरला. ती म्हणाली, "अरे, गौरीला जेवायला ये, उशीर करू नको." पलीकडे तो ओक्साबोक्शी रडायला लागला, इतका, की तीच त्याला "सरी, सरी, उगी" करायला लागली. रविवारचं त्यानं त्याच संध्याकाळी रद्द केलं.

शनिवारी आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई होत्या, शांत. दिवा मारून बराच वेळ बघितलं. डोळ्याच्या आतला पडदा निसटलाय, म्हणाल्या. डावा चांगला आहे, त्याला जपा. उजव्याचं आता फार काही करता येणार नाही.

"पहिल्या आठवड्यात आला असता तर वाचला असता," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. माझं, माझं तोंड उघडेना. मग त्या अक्काकडे वळल्या आणि कन्नडमधून, जरा रागानंच, विचारलं, "अम्मा, एवढे महिने घरात कोणाला सांगितलं का नाही?"

मी मान खाली घातली. सांगू दे, म्हटलं. सात महिन्यांनी तिला तोंड मिळालंय, जे काय झालं ते सांगू दे. अण्णाही तिच्याकडे बघत होता. त्याला मी शपथेचं अजून सांगितलं नव्हतं.

अक्कानं पदर सावरला. माझ्या बाजूला बघितलंसुद्धा नाही.

"मरतोय्तु," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. म्हणजे, विसरले. "वय झालं ना, बाई. सांगायचं विसरूनच गेले."